मावशींचा वरचा सूर

“रविवारी येते,” असं मावशींनी फोनवर सांगितलं, तेव्हा काटेसाहेबांचा नवा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घरात येऊन जेमतेम चार तास झाले होते. त्या चार तासांत त्यातून जो आवाज निघत होता तो ऐकून त्यांच्या बायकोने दोनदा विचारलं होतं, “अहो, हा सुरू झालाय की अजून व्हायचाय?”

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. किराणा दुकानातला तराजू, पेट्रोलपंपाचं माप, सोनाराचा काटा खरा की खोटा हे ठरवायचं आणि खरा असेल तर त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत एकाही खोट्या काट्यावर त्यांच्या हातून शिक्का उमटला नव्हता. त्यामुळे गल्लीने त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनी ते मानाचं समजून घेतलं. माणूस सज्जन, पण चहात किती चमचे साखर पडली यापेक्षा तो चमचा नेमका किती ग्रॅमचा आहे याची काळजी जास्त. अशा माणसाशी संसार करायला बायको शाळेत शिक्षिकाच असावी लागते, आणि ती होती.

मावशी म्हणजे बायकोची मावशी. तिला लहानाचं मोठं मावशींनीच केलं. तरुणपणी त्या गात असत आणि त्यांची एक रेकॉर्ड निघाली होती. त्या रेकॉर्डची एकच प्रत आता जगात उरली होती आणि ती काटेसाहेबांच्या कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. ती वाजवणारा जुना डबा सात वर्षांपूर्वी कायमचा मुका झाला. मावशींनी नुकतीच ब्याऐंशी पूर्ण केली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “एकदा ऐकावंसं वाटतं गं.” बायकोचे डोळे भरून आले आणि काटेसाहेब कामाला लागले. जुना आवाज व्हॉल्व्हवर कसा अगदी माणूस समोर बसल्यासारखा वाजतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. शिवाय त्यांच्या मनात एक जुना काटा सलत होता. लग्न ठरताना याच मावशींनी त्यांच्याविषयी मत दिलं होतं, “मुलगा चांगला आहे, पण कानाने ठोंब्या आहे.” चोवीस वर्षं ते वाक्य त्यांच्या कानात स्वच्छ वाजत होतं. त्याला कुठल्या अँप्लिफायरची गरज पडली नव्हती.

तर असा तो अँप्लिफायर. काळाभोर, जड, वर जुन्या रेडिओत असायचे तसे चार काचेचे व्हॉल्व्ह, आणि चालू केला की त्यांच्या पोटात नारिंगी उजेड. समोर बटण एकच, आवाज लहानमोठा करायचं. सोबत नवा रेकॉर्ड-प्लेअर, दोन स्पीकर आणि अठ्ठेचाळीस पानांचं माहितीपुस्तक होतं. काटेसाहेबांनी ते उघडलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं यंत्र पुस्तकात बघून लावायचं, म्हणजे पोस्टमनने स्वतःच्या घराचा पत्ता विचारत फिरण्यासारखं. कपाटाच्या मागच्या अंधारात हात घालून त्यांनी दोन्ही स्पीकरच्या वायरी अकरा मिनिटांत जोडल्या, घड्याळ बघितलं आणि अकरा मिनिटं हा आकडा बायकोला तीनदा सांगितला.

मग रेकॉर्ड लावली.

आवाज येत होता, नाही असं नाही. पण खर्ज नावाला नव्हता. ठेका धरणारा जणू बाहेर गॅलरीत उभा राहून “आत येऊ का?” असं विचारत होता. आणि मावशींचा आवाज समोरून येण्याऐवजी खोलीभर सांडला होता. थोडा पंख्यातून यायचा, थोडा कपाटामागून, आणि एक लहानसा तुकडा चक्क स्वयंपाकघरातून. मागे व्हायोलिन होतं, पण मावशी कुठे संपतात आणि व्हायोलिन कुठे सुरू होतं हे सांगणं कठीण होतं.

“मावशीला सर्दी झाल्यासारखी वाटतेय,” बायको म्हणाली.

“तोल सापडायचाय अजून,” काटेसाहेब म्हणाले. “सापडेल.”

तोल हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा असा काही झाला, की बायकोने पुढचं वाक्य गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरच्या दारातले प्राध्यापक आले. ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यामुळे अर्थशास्त्र सोडून बाकी सगळ्या विषयांत त्यांना गती होती. अँप्लिफायरभोवती हात पाठीमागे बांधून त्यांनी एक फेरी मारली, खाली वाकून व्हॉल्व्हकडे पाहिलं आणि निदान केलं.

“मुरायला हवेत.”

“काय?”

“व्हॉल्व्ह, काटेसाहेब. नवे आहेत. शंभर तास वाजल्याशिवाय आवाज खुलत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या सासऱ्यांकडे असाच होता.”

“मग त्यांचा खुलला?”

“सासरे वारले. पण तत्त्व बरोबर आहे.”

काटेसाहेबांना आकडा दिला की ते निश्चिंत होतात. रविवारपर्यंत शंभर तास म्हणजे दिवसाला साधारण चौदा तास. एकुलती एक रेकॉर्ड शंभर तास झिजवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी अँप्लिफायरला रेडिओ जोडला आणि सकाळी सहापासून तो चालू ठेवायचा हुकूम सोडून ते ऑफिसला निघून गेले. बायको दुपारी शाळेतून आली की जेवणाच्या टेबलावर परीक्षेचे पेपर तपासायची. खर्ज नसलेल्या, सांडलेल्या आवाजात बातम्या, शेतीविषयक सल्ला आणि हवामान तिच्या डोक्यावरून वाहत राहिलं. दोन दिवसांनी शाळेत एका मुलाचे वडील मुख्याध्यापकांना भेटायला आले. मुलाच्या इतिहासाच्या पेपरवर लाल शाईत शेरा होता, “दुपारनंतर तुरळक पाऊस.” त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की हा शेरा चांगला समजायचा की वाईट.

आवाज काही मुरला नाही. प्राध्यापक मुळीच खचले नाहीत.

“स्पीकर कोपऱ्यात सरकवा,” ते म्हणाले. “कोपऱ्यात खर्ज साठतो.”

काटेसाहेबांनी स्पीकर कोपऱ्यात नेले, त्यासाठी कपाट हलवलं, कपाटासाठी सोफा हलवला, आणि सोफ्याला जागा उरली नाही म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात आडवा लावला. आता स्वयंपाकघरात जायचं तर सोफ्यावर चढून पलीकडे उतरावं लागे. बायकोने एकदा चहाचे दोन कप घेऊन हा प्रवास केला आणि नंतर जाहीर केलं, की ज्याला चहा हवा त्याने यापुढे सोफ्याच्या अलीकडे उभं राहून हात पुढे करावा.

पण खर्ज आला! एकच आला, पण आला. रेडिओवरच्या बाईंनी ‘मध्यम स्वरूपाचा’ म्हटलं, की त्यातला ‘म’ भिंतीत शिरून बसायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. काटेसाहेब खुशीत आले. त्यांनी आवाज वाढवला. पाच मिनिटांत दारावरची घंटा वाजली.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. दवाखाना तिथेच. ते पांढरा कोट घालून, तोंडावरची पट्टी हनुवटीवर ओढून दारात उभे होते, आणि एका हातात दात कोरायचं बारीक हत्यार तसंच राहिलेलं होतं. ते बघून काटेसाहेब नकळत एक पाऊल मागे सरले.

“साहेब,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “माझ्या खुर्चीत पेशंट आहे. त्याचं तोंड उघडं आहे. मी त्याच्या दाढेला हात लावला नाही, मशीन सुरू केलं नाही, आणि तरी तो म्हणतोय, डॉक्टर, दाढ थरथरतेय.”

“कुठली दाढ?” काटेसाहेबांनी विचारलं. सवयच तशी, नोंद अचूक हवी.

“उजवी, खालची, शेवटची. तुमच्या उजव्या स्पीकरच्या बरोबर खाली.”

डॉक्टरांनी एक उपाय सुचवला, भिंतीला काहीतरी मऊ लावा. त्या संध्याकाळी काटेसाहेबांनी पलंगावरच्या दोन्ही गाद्या उभ्या करून कोपऱ्यांत टेकवल्या, मधल्या जागेत रजया टांगल्या आणि उरलेल्या फटींत उशा कोंबल्या. खर्ज शांत झाला. डॉक्टरांचा पेशंटही शांत झाला. पण त्याबरोबर टिपेचा आवाजही गेला. आता मावशी गादीखाली दडपल्यासारख्या गात होत्या, आणि एका अर्थी ते खरंच होतं. मग टिपेसाठी पडदे काढले, कारण पडदे टीप खातात असं प्राध्यापकांना आठवलं. पडदे निघाल्यावर समोरच्या इमारतीतल्या लोकांना काटेसाहेबांच्या घरातलं दृश्य स्पष्ट दिसू लागलं: उभ्या गाद्या, आडवा सोफा, आणि बनियनवरचा एक गृहस्थ, कधी या कोपऱ्यात तर कधी त्या कोपऱ्यात डोळे मिटून उभा. तिकडच्या एका आजींनी काळजीने निरोप पाठवला, घर बदलताय का, म्हणून.

बुधवारी प्राध्यापकांच्या सल्ल्यावरून डावे व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवे डावीकडे करायचं ठरलं. व्हॉल्व्ह तापतात ही माहिती पुस्तकाच्या तिसऱ्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरात होती. गुरुवारी उजव्या हाताच्या दोन बोटांना जाडजूड पट्टी बांधून काटेसाहेब एका सोनाराकडे तपासणीला गेले. पट्टीमुळे त्यांना ते इवलंसं वजन काही केल्या उचलता येईना. सोनाराने ते आपल्या चिमट्याने उचलून दिलं आणि फार मायेने विचारलं, “साहेब, घरी सगळं ठीक ना?”

हे फार झालं. काटेसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते अँप्लिफायरच्या कंपनीच्या सेवा केंद्रात गेले.

काउंटरवर एक बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर छापील अर्ज.

“तक्रारीचा प्रकार सांगा. आवाज नाही, धूर येतो, जळका वास, की शॉक बसतो?”

“आवाज आहे. पण त्याला तोल नाही.”

बाईंनी अर्जावरून बोट फिरवलं. “तोल नाही असा रकाना नाही.”

“मग ‘इतर’मध्ये लिहा.”

“‘इतर’साठी अधिकृत तंत्रज्ञाचा दाखला लागतो.”

“मग तंत्रज्ञ पाठवा.”

“तो तक्रार नोंदवल्यावर येतो.”

“मग नोंदवा ना तक्रार!”

“दाखल्याशिवाय?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

काटेसाहेब खुर्चीत मागे टेकले. हे संभाषण त्यांना तोंडपाठ होतं. सव्वीस वर्षं त्यांनी ते शेकडो वेळा केलं होतं, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. या बाजूची खुर्ची इतकी टणक असते याची त्यांना कल्पना नव्हती.

बाईंना दया आली. त्यांनी आवाज खाली आणला. “असं करू, धूर येतो म्हणून लिहू. धुराला लगेच माणूस जातो.”

“पण धूर येत नाही!”

“थोडासुद्धा नाही?”

“बाई,” काटेसाहेब पट्टी बांधलेली बोटं वर करून म्हणाले, “मी खोटं लिहून देणार नाही.”

“मग तंत्रज्ञाकडे तुम्हीच जा. तुमच्या भागात एकच अधिकृत माणूस आहे.” बाईंनी एका जुनाट वहीतून पत्ता उतरवून दिला.

काटेसाहेबांनी पत्ता दोनदा वाचला. ते त्यांच्याच गल्लीच्या टोकाचं किराणा दुकान होतं. पूर्वी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे. धंदा बदलला, दुकानदार तोच राहिला, आणि कंपनीच्या वहीतून त्याचं नाव काढायची तसदी कुणी घेतली नाही. मागच्याच महिन्यात काटेसाहेबांनी या दुकानाचा काटा बारा ग्रॅम पुढे पळतो म्हणून नापास केला होता. “साहेब, काटा बरोबर आहे, टेबल तिरकं आहे,” असं दुकानदार परोपरीने सांगत होता. “माझा संबंध काट्याशी,” असं सांगून काटेसाहेबांनी काट्याला सील ठोकलं होतं. नऊ दिवस दुकानात फक्त बांधलेली पाकिटं विकली गेली.

शुक्रवारचा सगळा दिवस त्यांनी पत्त्याचा कागद खिशात बाळगला आणि कागद आपोआप बदलतो का याची वाट पाहिली. संध्याकाळी बायको सोफ्यावरून उतरता उतरता म्हणाली, “परवा मावशी येणार. तिला या सोफ्यावरून उचलून आणायचं की गादीमागे बसवायचं, तेवढं ठरवा.” मग मात्र नाक मुठीत धरून ते दुकानात गेले.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. एकदाही हसला नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

“अर्ज द्या,” तो म्हणाला.

“कसला अर्ज?”

“‘माझ्या ताब्यातील यंत्राची तपासणी व्हावी’ असा. दोन प्रतींत.”

शनिवारी दुपारी दुकानदार तपासणीला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाइल, हातात कातडी बॅग. काटेसाहेब स्वतः तपासणीला जाताना जसे दिसायचे, हुबेहूब तसाच. बायकोने चहा विचारला.

“नको ताई. तपासणीच्या वेळी मी कुणाकडे काही घेत नाही.”

हे काटेसाहेबांचंच ठेवणीतलं वाक्य होतं. बायको घाईघाईने सोफ्यावरून पलीकडे गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

दुकानदाराने खोलीभर नजर फिरवली. “या गाद्या कशासाठी?”

“आवाज शोषून घ्यायला.”

“आणि झोपता कुठे?”

“हा तपासणीचा भाग नाही,” काटेसाहेब म्हणाले.

“नोंदीसाठी विचारतोय.”

“...चटईवर.”

दुकानदाराने ते लिहून घेतलं. मग त्याने बॅगेतून टॉर्चचा एक साधा सेल आणि दोन वायरीचे तुकडे काढले. अँप्लिफायर बंद केला, दोन्ही स्पीकरच्या पुढच्या जाळ्या उतरवल्या, आणि वायरींची अँप्लिफायरकडची टोकं सोडवून उजव्या स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकांना सेल क्षणभर टेकवला. आतल्या कागदी पडद्याने टक्कन पोट पुढे काढलं.

“पाहिलंत? आता डावा बघा.”

सेल तसाच धरून त्याने डाव्याच्या वायरीला टेकवला. त्या पडद्याने टक्कन पोट आत घेतलं.

काटेसाहेब बघतच राहिले.

“उजवा पुढे येतो तेव्हा डावा मागे जातो,” दुकानदार म्हणाला. “उजव्याने हवा ढकलायची, डाव्याने ओढून घ्यायची. खर्ज राहणार कुठून? डाव्याची वायर उलटी जोडलीय. लाल टोक काळ्यात, काळं लालमध्ये. कुणी जोडलं हे?”

स्वयंपाकघरातली भांडी एकदम शांत झाली.

“मी,” काटेसाहेब म्हणाले.

“किती वेळ लागला?”

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. “अकरा मिनिटं!”

दुकानदाराने वायर सुलटी केली, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले, गाद्या हटवायला लावल्या आणि रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. निवेदक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, जमिनीपासून चार फुटांवर येऊन बसला. त्याचा आवाज भरदार, छातीतून आलेला; पान उलटल्याची सळसळसुद्धा ऐकू येत होती. बायको सोफ्यावरून इकडे आली आणि तिने नकळत केस सारखे केले. कुणीतरी परका माणूस घरात आलाय असंच तिला वाटलं.

काटेसाहेबांनी रेकॉर्डला मात्र हात लावला नाही. “ती उद्या. मावशींसमोरच,” ते म्हणाले आणि त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

जाताना दुकानदाराने दाखला लिहून दिला: “यंत्र निर्दोष. जोडणी सदोष. जोडणारा: मालक स्वतः.” खाली शिक्का, सही, तारीख. “ही प्रत दर्शनी भागात लावायची,” तो म्हणाला, “ग्राहकांना दिसेल अशी.” आणि मग पहिल्यांदाच हसला. काटेसाहेबांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला. थोडं थांबून ते म्हणाले, “सोमवारी तुमचं टेबल बघायला येतो. सपाटी मोजायची पाणसळ घेऊन.”

“चहा घ्याल?”

“तपासणी झाल्यावर,” काटेसाहेब म्हणाले. सव्वीस वर्षांत इतकी मोठी सवलत त्यांनी कुणाला दिली नव्हती.

रविवारी मावशी आल्या. बारीक चणीच्या, ताठ, हातात काठी. पण काठी टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त. भाचीने आठवड्याची सगळी हकीकत जिन्यातच सांगून टाकली होती, त्यामुळे त्या हसतच आत आल्या. दोन स्पीकरच्या समोर मधोमध खुर्ची ठेवली होती, तीवर बसल्या. काटेसाहेबांनी रुमाल सोडला, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली.

आणि तीस वर्षांची एक तरुण मुलगी खोलीत येऊन उभी राहिली. समोर, हाताच्या अंतरावर. ती श्वास घेताना ऐकू येत होतं. तिच्या डावीकडे जरा मागे व्हायोलिन, उजवीकडे ठेका. सगळे आपापल्या जागी. बायकोने तोंडावर हात ठेवला. काटेसाहेबांना वाटलं, आता जीव गेला तरी चालेल, निदान कानाने ठोंब्या म्हणून जाणार नाही.

गाणं संपलं. मावशींचे डोळे मिटलेलेच होते. मग म्हणाल्या, “पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांनी डोळे उघडले. “पुन्हा.”

तिसऱ्यांदा ऐकताना बायकोचा चेहराही बदलला. काटेसाहेब आळीपाळीने दोघींकडे बघत होते. “काय झालं? तोल बिघडला का?”

“नाही हो जावईबापू. तोल अगदी लागलाय,” मावशी म्हणाल्या. “म्हणूनच कळतंय. दुसऱ्या कडव्याचा वरचा सूर आहे ना, तिथे मी पोचलेच नाही. अर्ध्यातून खाली घसरले. आणि व्हायोलिनने तो पटकन उचलून धरला. तुम्हाला जो सूर ऐकू येतो तो माझा नाही, त्याचा आहे.”

काटेसाहेबांनी चौथ्यांदा सुई ठेवली. या वेळी त्यांनाही ऐकू आलं. मुलगी चढते, दम संपतो, पाय निसटतो, आणि त्याच क्षणी व्हायोलिन तिच्या हाताखाली हात घालून तिला वर नेतं. क्षणभराचा खेळ. जुन्या डब्यात सगळं एकात एक मिसळून जायचं, कधी कुणाला कळलं नाही.

“तो खरं बोलत होता,” मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. रेकॉर्डिंग संपवून बाहेर पडताना तो व्हायोलिनवाला हसत म्हणाला होता, “बाई, वरच्या सुराला तुमची दांडी उडाली, मी सांभाळून घेतलं.” चार माणसांत म्हणाला. मावशींचा संताप झाला. खोटारडा, म्हणाल्या, मत्सरी म्हणाल्या. त्यानंतर बावन्न वर्षं त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो दोनच गल्ल्या पलीकडे राहायचा. समोरून दिसला की त्या रस्ता ओलांडायच्या. मावशींचे यजमान गेले तेव्हा त्याचं पत्र आलं, ते त्यांनी न उघडता परत पाठवलं.

काटेसाहेबांनी सुई उचलून ठेवली. व्हॉल्व्ह तेवढे मंद उजळत होते.

“आहे ना गं तो?” मावशींनी भाचीला विचारलं.

“आहेत की. परवाच औषधांच्या दुकानात दिसले. थकलेत खूप. एकटेच असतात.”

“बोलव त्याला. पुढच्या रविवारी, इथेच. मला माफी मागायचीय.” मावशींनी काठी जमिनीवर टेकवली आणि काटेसाहेबांकडे वळल्या. “आणि जावईबापू, त्याच्या आधी ती वायर उलटी करून ठेवा. होती तशी.”

“मावशी!” काटेसाहेब दचकले. “मुद्दाम चुकीचं जोडू? मी?”

“मी त्याची माफी मागणार आहे,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “त्याला पुरावा देणार नाही.”

तो आठवडा काटेसाहेबांना जड गेला. ऑफिसात शिक्का मारताना हात दोनदा थांबला. बायकोला त्यांनी विचारलं, “तत्त्वाचा प्रश्न आहे, काय करावं?” ती पेपर तपासत होती. वर न बघता म्हणाली, “अकरा मिनिटं लागतील.” शेवटी रविवारी सकाळी ते दार लावून घेऊन, गुडघ्यांवर बसून कपाटामागे शिरले आणि पूर्ण शुद्धीत, उघड्या डोळ्यांनी, लाल टोक काळ्यात घातलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

व्हायोलिनवाले आले. उंच, वाकलेले, धुवट कोट, काठीच्या मुठीवर लांब लांब बोटं. मावशी उठून उभ्या राहिल्या. “या,” म्हणाल्या. “बसा.” बावन्न वर्षांनंतर एवढेच दोन शब्द, आणि त्यानंतर दोघांनाही पुढचा शब्द सापडेना. काटेसाहेबांनी सुई टेकवून दोघांची सुटका केली.

आवाज खोलीभर सांडला. थोडा पंख्यातून, थोडा कपाटामागून. व्हायोलिनवाले डोळे मिटून ऐकत होते. डाव्या हाताची बोटं काठीच्या मुठीवर आपोआप चालत होती. दुसरं कडवं आलं, वरचा सूर आला, बोटं क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली.

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. “लागलाय की सूर, बाई. स्वच्छ लागलाय. त्या दिवशी मीच काहीतरी भलतं ऐकलं.”

मावशींनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून लागला.”

त्यानंतर मात्र दोघांना कुणी आवरू शकलं नाही. कोण बेसूर गायचं, कुणाचा ठेका पळायचा, कोण चहा न पाजता रेकॉर्डिंगला बसवायचं, यावर दोन तास गप्पा झाल्या. त्यात अर्ध्याहून अधिक लोकांची यथेच्छ निंदा होती, आणि बायकोने मावशींना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

निघताना काटेसाहेब व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्यांना सोडायला खाली गेले. एकेक पायरी उतरताना त्यांचा हात धरून होते. दातांच्या दवाखान्यापाशी म्हातारे दम घ्यायला थांबले आणि हळूच म्हणाले, “तुमच्या डाव्या स्पीकरची वायर उलटी लागलीय.”

काटेसाहेबांचे कान तापले. “ते... मी आत्ता वर जाऊन लगेच...”

“छे, छे,” म्हाताऱ्यांनी त्यांचा हात दाबला. “राहू द्या तशीच. मी पुढच्या रविवारीही येणार आहे.”